बिग रॅनल्ड ओ देत नाही

आमच्या किनाऱ्यावर धक्क्यावर उभं राहून कुणी "रॅनल्ड" अशी हाक मारली, तर दोन बोटींवरून, एका ट्रॅक्टरवरून आणि बहुतेक चर्चच्या छपरावरूनही ओ येते. आडनाव जोडून उपयोग नाही. निम्मं केप ब्रेटन बेट मॅक्लेलन आहे आणि उरलेलं निम्मं त्यांचा जावई. म्हणून इथे प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी लागतं, आणि ते लागतं म्हणजे जन्मभरासाठी लागतं. टपालवालासुद्धा त्याच नावाने पत्र देतो.

त्यातला सगळ्यात वापरलेला शब्द 'बिग'. मी ओंटारिओहून लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, बिग म्हणजे मोठा, त्यात कळण्यासारखं काय आहे. बिग हेक्टर भेटला तेव्हा ते खरंच वाटलं. तो आमच्या दारातून वाकून आत येतो. मग बिग सेडी भेटली. काडीसारखी बाई. तिच्या पाठच्या बहिणीचं नावही सेडीच आहे, कारण दोन्हीकडच्या आज्यांना खूश ठेवायचं होतं, म्हणून थोरली ती बिग. बिग नील का बिग, तर तरुणपणी बॉस्टनला गेला आणि येताना डोक्यावर मोठी हॅट घालून आला. हॅट पहिल्याच वादळात समुद्रात गेली, 'बिग' डोक्यावर राहिलं. आणि बिग रॅनल्ड, माझे सासरे. ते जेवणाच्या टेबलाशी उभे राहिले की नवख्या माणसाला वाटतं, बसलेत.

तो शब्द पहिल्या वर्षी मलाही मिळाला होता, पण उलट्या बाजूने. मी कुणाकडे तरी चहाचा दुसरा कप नको म्हणाले. अंधार पडायच्या आत डोलिना आत्यांनी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीने, किनारभर सांगितलं होतं की रॉरीची बायको कॉलेजात शिकलेली आहे आणि जरा 'बिग फीलिंग' आहे. म्हणजे शिष्ट, स्वतःला फार समजणारी. तेव्हापासून मी कुठेही गेले की पोट फुटेपर्यंत चहा पिते, तरी आत्या दरवेळी विचारतात, "दुसरा घेणार ना गं जोसलिन, की आज नको?"

हे सगळं मला मजेचं वाटत होतं. मग मला मुलगा झाला.

समुद्रावर बर्फ असतानाच तो आला, यायच्या वेळेच्या कितीतरी आधी. हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात तो काचेच्या पेटीत होता आणि मी काचेबाहेर. त्याचा पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं ही रीत; रॉरीने काचेतून बघत म्हटलं, "रॅनल्ड," आणि परिचारिकेने पेटीवर ते नाव चिकटवलं. वसंतात शेवंडांचे, म्हणजे लॉबस्टरचे, पिंजरे पाण्यात पडायला लागले तेव्हा आम्ही त्याला घरी आणलं. जिल्ह्याची नर्स येऊन त्याला वजनकाट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "लहान आहे, पण आपल्या चालीने चाललाय." ती गेली की मी तिचं ते वाक्य दिवसभर उलटंपालटं करून बघायचे. आपल्या चालीने म्हणजे कुठल्या? सगळ्यांच्या चालीने का नाही? त्याने दूध ओढताना मध्ये दम घेतला की मीही श्वास धरून ठेवायचे. झोपला की छाती हलतेय का बघायचे, हलत असली तर जास्त का हलतेय ते बघायचे.

सासूबाई, मर्डीना, शांतपणे पावाचं पीठ मळत म्हणायच्या, "अगं, तू अशी बघत बसलीस तर त्याला वाढायला लाज वाटेल."

एका दिवशी रॉरी बोटीवर जाताना दुपारचा डबा घरी विसरला. बाळाला छातीशी बांधून मी धक्क्यावर गेले. बोटी नुकत्याच लागल्या होत्या. माणसं शेवंडांच्या पेट्या वर देत होती, आणि हेक्टर त्याच्या पितळी मापाने मधलेच एक-दोन संशयाचे शेवंड मोजून बघत होता. डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कडेपर्यंत ते माप लावतात; मापाला पुरला नाही तर तो शॉर्ट, परत पाण्यात. मी डबा दिला. हेक्टरने बाळाकडे वाकून पाहिलं, गालाला बोट लावलं, आणि मग गंभीर चेहऱ्याने ते माप त्याच्या पाठीवर धरलं.

"काय करायचं रॉरी," तो म्हणाला, "मापात बसत नाही. कायद्याप्रमाणे परत सोडायला हवा."

धक्का हसला. रॉरी हसला. पेट्या रचणारा आयव्हन हसत हसत म्हणाला, "शॉर्ट रॅनल्ड."

झालं, तेवढंच. पुन्हा पेट्या हलायला लागल्या. पण मला इथल्या नावांचा नियम माहीत होता. नाव आईबाप देत नाहीत, स्वतः घेता येत नाही. ते असंच कुणाच्या तरी तोंडून सांडतं. दुसऱ्या जागी दुसऱ्या कुणी उचललं की घट्ट होतं, आणि मग कितीही खरवडा, निघत नाही. आमच्या इथला फिडलवादक अँगस सत्तरी ओलांडलेला आहे, दोन खुर्च्या जोडल्या तर एकीवर नीट मावतो. त्याचं नाव 'औंस'. जन्मला तेव्हा औंसभर होता म्हणे. त्याच्या थडग्यावरही औंसच लिहितील.

घरी येऊन मी रॉरीला म्हटलं, "तू हसलास."

"अगं, हेक्टर बोलला म्हणून हसलो. तो बिशपलाही माप लावेल."

"आयव्हन काय म्हणाला ऐकलंस?"

"आयव्हन दिवसभर बोलतो. त्यातलं कोण किती ऐकणार?"

"शेवंड मोठा झाला की त्याला कुणी शॉर्ट म्हणत नाही. माणसाला म्हणतात. अँगसला विचार."

"अँगसचं काय वाईट चाललंय?" मर्डीना म्हणाल्या. "नावाने काही कुणाची भूक मेली नाही. अँगसची तर मुळीच नाही."

"आई, हा शाळेत जाईल तेव्हा याच नावाने जाईल. बोटीवर जाईल तेव्हा याच नावाने. मी त्याला कितीही खाऊ घातलं तरी आरशात तो शॉर्टच असेल." मला बोलता बोलता रडू यायला लागलं आणि मी बाळाचं टोपडं नीट करत बसले. ते नीटच होतं.

सासरे चुलीजवळ चहा घेत होते. ते कमी बोलतात. त्यांचा सगळा आवाज नाचाच्या दिवशी बाहेर पडतो, कारण आमच्या हॉलमध्ये चौकडीच्या नाचाला हाक देणारे आता ते एकटेच उरलेत. कोणी कुठे वळायचं, कधी जोडीदार बदलायचा, हे फिडलच्या वर चढून ओरडायचं असतं. तरुण पोरांना पावलं येतात, पण हाक दिल्याशिवाय ती एकमेकांवर आदळतात.

मी डोळे पुसून त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला बिग कसं मिळालं?"

"आधी जन्मलो म्हणून." त्यांनी बशीत चहा ओतला. "एकाच घरात दोन भावांना दोन पोरं झाली, आजोबा एकच, मग दोघेही रॅनल्ड. मी आधी आलो, मी बिग. माझा चुलतभाऊ बर्फ वितळल्यावर आला, तो लिटल. पुढे तो सहा फुटांच्या वर गेला आणि मी इथे थांबलो. आता अल्बर्टात आहे, तिथे त्याला नुसतं रॅनल्ड म्हणतात बिचाऱ्याला."

"तुम्हाला लाज नाही वाटायची?"

"शाळेत वाटायची. बापाचा कोट घालून पाठवलं की वाटते तशी." त्यांनी थोडा विचार केला. "बाह्या दुमडून घातला. पुढे सवय झाली. पण कोट मोठा असला ना पोरी, की माणूस आत जरा ताठ चालतो. एवढं खरं."

मग त्यांनी बाळाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि बशी धुवायला उठले.

शेवंडांचा हंगाम संपला की आमच्याकडे सगळं असतं. लग्नं, वादविवाद, बाप्तिस्मे. आमचा बाप्तिस्मा हंगामानंतरच्या पहिल्या रविवारी ठरला. चर्च, मग हॉलमध्ये चहा, मग नाच. अख्खा किनारा येणार. मला कळत होतं की आयव्हनचं ते सांडलेलं नाव त्या दिवशी एकतर कुणीतरी उचलेल, नाहीतर तिथेच पडून वाळेल. रॉरीला मी हे सांगितलं तर त्याने मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "जो, त्यांना केक दिसला की कुणाला कुणाचं नाव आठवत नाही." पण रॉरी इथेच वाढलेला आहे. पाण्यात असलेल्या माणसाला पाणी दिसत नाही.

बाप्तिस्म्याचा झगा घरातला, जुना. सासरे त्यात होते, रॉरी त्यात होता. आदल्या दिवशी मी तो बाळाला घालून पाहिला. बाळ त्यातून दिसेना. गळ्यातून डोकं बाहेर, बाकी पांढरं कापड, जसं दोरीवर वाळत घातलंय. मी त्याला झग्यातून परत काढलं आणि बसून राहिले.

मग मला सुचलं.

रविवारी सकाळी मी दार लावून घेतलं. आधी सुती बनियन. त्यावर लोकरीचं बनियन. त्यावर नर्सने दिलेला जाड अंगरखा. त्यावर डोलिना आत्यांनी विणलेला स्वेटर, जो त्याला येत्या थंडीत आला असता. पायात मोज्यांवर मोजे. मग झगा. झगा भरला. दंड गुबगुबीत झाले, पोट पुढे आलं, आणि मी पहिल्यांदाच त्याला असा पाहिला, त्या कॅलेंडरवरच्या बाळांसारखा. बाहेर नेलं तर मर्डीनांनी एक भुवई वर केली. "रात्रीत बरंच खाल्लेलं दिसतंय," म्हणाल्या, पण गाडीत बसल्या.

चर्च दगडी आहे, आत जूनमध्येही हात गार पडतात. फादरनी पाणी ओतलं, बाळाने फक्त डोळे मिटले. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "भरलाय की पोरगा." मी सुवार्तेतलं एक अक्षरही ऐकलं नाही. ते दोन शब्दच ऐकत बसले.

हॉल मात्र लाकडी. चहाची मोठी पिंपं उकळत होती, खिडक्या जुन्या रंगाने चिकटून बंद झालेल्या, आणि सगळा किनारा आत. टेबलांवर शेवंडाचे सँडविच, ओटच्या खुसखुशीत वड्या, आणि तीन जणींनी एकमेकींना न सांगता केलेला तोच एक केक. बाळ हातोहात फिरायला लागलं. जो घेई तो म्हणे, "वा, वजनदार आहे." मी हसत होते. माझी मान ताठ झाली होती.

मग बाळ लाल झालं. आधी गाल, मग कपाळ, मग कान. आणि त्याने तोंड उघडलं.

एवढ्याशा छातीतून असा आवाज येईल असं मला घरी कधी कळलं नव्हतं, कारण घरी तो रडायच्या आतच मी धावत असे. अँगस फिडल जुळवत होता, तो थांबला. पिंपाजवळच्या बायका वळल्या. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत डोलिना आत्यांनी त्याला घेऊन टेबलावर ठेवलं होतं, केकांच्या मध्ये.

"अगं, हा तर भाजतोय," आत्या म्हणाल्या, आणि झगा सोडला. खाली स्वेटर. "हा माझा आहे. हिवाळ्यासाठी दिला होता." स्वेटर काढला. खाली अंगरखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगरखा काढला. खाली लोकर. मोजे काढले, खाली मोजे.

"जोसलिन," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हॉलच्या दारापर्यंत जातो, "शेवटी बाळ आहे ना गं यात, की नुसता कांदा सोलतेय मी?"

हॉल हसायला लागला. वाईट हसू नव्हतं ते, पण सगळ्यांचं होतं. मी टेबलाशी उभी होते, हातात चार कपडे, कानांना आग लागलेली. आणि सुती बनियनमध्ये, केकांच्या मध्ये, माझा मुलगा. जेवढा होता तेवढाच. त्याचे पाय पाखराच्या पायांसारखे हवेत चालत होते. गार लागल्यावर तो रडायचा थांबला आणि छपराकडे बघायला लागला, त्यामुळे हॉल हळूहळू शांत झाला, आणि त्या शांततेत सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. मला आयव्हन दिसला. त्याच्या ओठांवर ते येत होतं. तो वाईट पोरगा नाही, पण त्याला आठवलं होतं आणि ते आता बाहेर पडणार होतं.

तेवढ्यात मंचावरून अँगस ओरडला, "चला, चौकड्या उभ्या करा. बिग रॅनल्ड, हाक दे रे बाबा."

माणसं सरकली. खुर्च्या भिंतीला गेल्या. आठ-आठ जण चौकोनात उभे राहिले. अँगसने गज टेकवला आणि थांबला, कारण हाक आली नाही.

सासरे पिंपापाशी पाठमोरे उभे होते. चहात डब्यातलं दूध घालत होते, हळू, धार तुटू न देता.

"बिग रॅनल्ड."

त्यांनी साखर घेतली.

"बिग रॅनल्ड, अरे लोक उभे आहेत."

चमचा ढवळल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला. हेक्टर लांब ढांगा टाकत गेला आणि त्यांच्यावर वाकला. "काका, कानाला काही झालं का?"

"मला चांगलं ऐकू येतं."

"मग ओ द्या की. अँगस केव्हाचा बोलावतोय."

"मला कुठे बोलावतोय? तो बिग रॅनल्डला बोलावतोय." सासऱ्यांनी चमचा झटकला आणि टेबलाकडे बोट केलं. "बिग रॅनल्ड तिथे आहे. उघडा लोळतोय केकापाशी. त्याला विचारा येतो का."

आधी कुणालाच कळलं नाही. मग आत्यांना कळलं. किनाऱ्यावर सगळं आधी त्यांनाच कळतं.

"रॅनल्ड," त्या म्हणाल्या, "असं नसतं. नाव म्हणजे टोपी नव्हे, काढली आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली."

"मी कुठे काढलं? मी काहीच केलं नाही. मी फक्त ओ देत नाही."

"मग तुला आम्ही म्हणायचं तरी काय?"

"ते मी कसं ठरवणार, डोलिना? ते तुमचं काम. कुणी स्वतःचं ठरवत नाही, तूच म्हणतेस ना." आणि ते बशीत चहा ओतायला लागले.

हॉलमध्ये कुजबुज उठली. आमच्याकडे लोक बोट बदलतात, चर्च बदलतात, एकाने तर कुणाचीतरी बायको बदलली, पण जिवंतपणी नाव कुणी सोडलेलं नाही. बिग नील डोकं खाजवत म्हणाला की कायद्यात तरी बसतं का हे. बिग सेडी चौकडीत पहिल्या जागेवर उभी होती, ती म्हणाली, "माझे गुडघे संध्याकाळपर्यंतच माझे असतात, काय ते लवकर ठरवा."

"आणि मला कुणी विचारलं का?" मर्डीना सुरी हातात घेऊन केकामागून बाहेर आल्या. "लग्न झाल्यापासून मी बिग रॅनल्डची मर्डीना आहे. सहज मिळालं नव्हतं ते. आता काय, नातवाची बायको होऊ?"

"आणि मी?" रॉरी म्हणाला. तो इतका वेळ माझ्याशेजारी तोंड उघडं टाकून उभा होता. "मला सगळे बिग रॅनल्डचा रॉरी म्हणतात. म्हणजे मी आता माझ्याच पोराचा पोर?"

यावर हॉल असा हसला की खिडकीची एक बंद झालेली फळी आपोआप उघडली. निदान मला तसं वाटलं, कारण अचानक वारा आला. मी बघत होते सासऱ्यांकडे. ते हसत नव्हते. त्यांनी बशी खाली ठेवली होती आणि ते त्यांच्या शर्टाच्या बाह्या उलगडून सरळ करत होते, एक, मग दुसरी. मला एकदम त्यांचा तो कोट आठवला.

अँगसने फिडल खुर्चीवर ठेवलं. मंचाच्या पायऱ्या तो बाजूने उतरतो, एकेक. हॉलने त्याला वाट दिली. तो टेबलापाशी आला, पोटामुळे त्याला नीट वाकता येत नव्हतं तरी वाकला, आणि बाप्तिस्म्याला फादरशी बोलतात तेवढ्या अदबीने माझ्या मुलाला म्हणाला, "बिग रॅनल्ड, आपली परवानगी असेल तर नाच सुरू करू का?"

बाळाने छपरावरची नजर काढून अँगसच्या मिशीकडे नेली. आणि तिच्याकडे बघून एकदा खच्चून ओरडला. रडणं नव्हतं ते. तसा आवाज त्याने आधी कधी काढला नव्हता.

"ओ दिली," हेक्टर म्हणाला.

"दिली," आयव्हन म्हणाला. आणि मग स्वतःशीच, चव घेऊन बघावी तसं, "बिग रॅनल्ड." ओठांवर आलेलं दुसरं त्याने गिळलं असावं. निदान पुन्हा कधी कुणी ते ऐकलं नाही.

अँगस तसाच वळला. "आणि तू तिकडे, चहावाला. लिटल रॅनल्ड. आता तरी हाक देशील?"

"ओ," सासरे ताबडतोब म्हणाले.

मंचाकडे परत जाताना अँगस माझ्यापाशी थांबला. त्याला धाप लागली होती. "माझ्या वेळेला घरात कुणी असं अडून बसलं नाही," तो म्हणाला. "पण औंसचंही बरं चाललं हं पोरी. औंसला सगळे दोनदा वाढतात." आणि टेबलावरची एक ओटची वडी उचलून गेला.

फिडल सुरू झालं. सासरे खुर्चीवर चढले, कारण खुर्चीशिवाय ते मागच्या चौकडीला दिसत नाहीत, आणि त्यांनी पहिली हाक दिली. त्यांचा आवाज आधी होता तसाच होता. मला उगाच वाटलं होतं की तो लहान होईल.

मी बाळाला कपडे घालायला घेतले तर आत्यांनी हात धरला. "राहू दे. त्याला हवा लागू दे. तो काही थंडीत गोठत नाहीये, आपण सगळे इथे उकडतोय." मग त्यांनी त्याला खांद्यावर टाकलं, एका हाताने, भाजीची पिशवी टाकतात तसं. माझा जीव वर आला. "आणि तू जा. हेक्टरच्या चौकडीत सातच जण आहेत."

"मला नीट येत नाही आत्या."

"तुला नीट येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच हाक असते." त्यांनी मला ढकललं, आणि मागून म्हणाल्या, "परत आलीस की चहा. दुसरा कप घेणार ना?"

"तिसराही घेईन," मी म्हटलं.

"हं," आत्या म्हणाल्या, बाळाच्या कानात, पण मला ऐकू येईल असं. "सुधारतेय तुझी आई."

मी नाचायला लागले. नाचले म्हणजे, हेक्टरच्या खांद्यावरून, सेडीच्या डोक्यावरून, जिथून फट मिळेल तिथून आत्यांचा खांदा बघत फिरले. तो तिथे होता. मुठीत आत्यांचे केस धरून ताठ मानेने नाच बघत होता. छाती हलत होती, हे एवढ्या लांबूनही दिसत होतं, आणि दुसऱ्या फेरीत माझ्या ध्यानात आलं की या वेळी मी ते बघितलंच नव्हतं, आपोआप दिसलं होतं.

खुर्चीवरून हाका येत होत्या. "हेक्टर, डावीकडे. सेडी, सांभाळून. रॉरी, जोडीदार तुझी, पण पाय तिचे." मग जरा वेळाने, "बिग रॅनल्डची आई, उजवीकडे."

मी सरळच गेले आणि हेक्टरच्या छातीवर आदळले.

"बिग रॅनल्डची आई, उजवीकडे म्हटलं मी," सासरे पुन्हा ओरडले. सगळी चौकडी माझ्याकडे बघून हसत होती. इतकी वर्षं मी इथे रॉरीची बाहेरून आणलेली बायको होते, फार तर कॉलेजवाली. ती हाक कुणाला आहे हे कळायला मला एक अख्खी फेरी लागली.

"ओ," मी म्हटलं, आणि पुढच्या वेळी वळले.